व्यापारी जहाजावर कोणाचे काम काय असते आणि जबाबदारी कोणाची?

दूरभिंग

जहाजावर एक कॅप्टन असतो, काही इंजिनीअर असतात आणि बाकी सगळे खलाशी, एवढ्यावर बहुतेकांची माहिती संपते. चारशे मीटर लांबीचे अजस्र कंटेनर जहाजसुद्धा साधारण वीस ते पंचवीस माणसे चालवतात, असे सांगितले की ऐकणाऱ्याला आश्चर्य वाटते. इतक्या थोड्या माणसांत भागते, कारण तिथे प्रत्येकाकडे एक नव्हे तर तीन कामे असतात. समुद्रात असतानाचे एक, बंदरात असतानाचे दुसरे आणि संकटाची घंटा वाजल्यावरचे तिसरे. जहाजावरच्या पदांची नुसती यादी वाचून काही कळत नाही, ते याचमुळे.

डेक विभागापासून सुरुवात करतो, कारण माझा सगळा अनुभव तिथला आहे. कॅप्टन, म्हणजे कागदोपत्री मास्टर, हा जहाज, माल, माणसे आणि समुद्राचे प्रदूषण या सर्वांसाठी अंतिम जबाबदार असतो. तीन मेट, म्हणजे हाताखालचे डेक अधिकारी, असलेल्या जहाजावर तो स्वतः वॉच, म्हणजे ठरल्या तासांची पहाऱ्याची पाळी, करत नाही, पण म्हणून तो मोकळा नसतो. धुके, दाट वाहतूक, बंदरात शिरणे किंवा बाहेर पडणे, अशा प्रत्येक वेळी तो ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, असतो. सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटेल तो निर्णय घेण्याचा त्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय नियमांनी सर्वांच्या वर ठेवला आहे. सोलास या समुद्रावरील जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे जहाजाचा मालक किंवा जहाज भाड्याने घेणारा त्याला असा निर्णय घेण्यापासून रोखू शकत नाही.

त्याच्याखाली चीफ ऑफिसर. माल कुठे आणि कोणत्या क्रमाने चढवायचा, बॅलास्टचे, म्हणजे तोल राखण्यासाठी टाक्यांत घ्यायचे, पाणी केव्हा भरायचे आणि केव्हा सोडायचे, जहाजाचा तोल आणि त्याच्या पोलादी सांगाड्यावर येणारा ताण मर्यादेत आहे की नाही, हे सर्व त्याच्याकडे असते. शिवाय डेकची देखभाल आणि डेकवरच्या माणसांची रोजची कामवाटणीही तोच करतो. सेकंड ऑफिसर प्रवासाचा मार्ग आखतो, नकाशे आणि नौकानयनाची उपकरणे अद्ययावत ठेवतो. थर्ड ऑफिसरकडे बहुधा जीवरक्षक आणि अग्निशामक साधनांची तपासणी असते. या तिघांत दिवसाचे चोवीस तास वाटलेले असतात. रूढ पद्धतीप्रमाणे चार ते आठ चीफ ऑफिसर, आठ ते बारा थर्ड ऑफिसर आणि बारा ते चार सेकंड ऑफिसर, दर बारा तासांत एकदा, म्हणजे दिवसातून दोनदा.

आता मला जे खरे म्हणजे सांगायचे आहे ते असे की जहाजावरची कामवाटणी ही मानाची उतरंड नाही. कोणत्याही क्षणी, कोणत्याही कामाबद्दल, 'हे आत्ता कोणाकडे आहे?' या प्रश्नाला एकच उत्तर मिळाले पाहिजे, यासाठी ती केलेली असते. उत्तरे दोन मिळाली किंवा एकही मिळाले नाही, तर अपघाताची तयारी झाली असे समजावे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज'. ६ मार्च १९८७ रोजी झेब्रुख बंदरातून निघालेले हे फेरी जहाज नाळेकडचे, म्हणजे पुढच्या टोकाचे, दरवाजे उघडे ठेवूनच बाहेर पडले आणि काही मिनिटांत कलंडले. १९३ माणसे दगावली. दरवाजे बंद करणे हे असिस्टंट बोसनचे काम होते (बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम). तो केबिनमध्ये झोपलेला होता आणि निघण्याची सूचना त्याला ऐकू गेली नाही. बोसन त्याच डेकवर होता, पण दरवाजे लावणे हे आपले काम आहे असे त्याला वाटले नाही. ते लागले की नाही हे पाहणे चीफ ऑफिसरकडे होते, परंतु त्याच सुमारास त्याने ब्रिजवरही हजर असावे अशी अपेक्षा होती, आणि असिस्टंट बोसन दरवाजांकडे येताना आपल्याला दिसला अशी त्याची समजूत झाली. ब्रिजवरून दरवाजे दिसत नव्हते, तिथे सूचक दिवाही नव्हता, आणि कोणी तक्रार केली नाही म्हणजे सर्व ठीक आहे असे धरून चालण्याचा प्रघात होता. चार माणसे आपापल्या जागी होती आणि त्या चौघांच्या मधल्या फटीतून पाणी आत आले.

चौकशीत दोष केवळ जहाजावरच्या माणसांपाशी थांबला नाही. किनाऱ्यावरच्या व्यवस्थापनापर्यंत गेला. पुढे आंतरराष्ट्रीय सुरक्षा व्यवस्थापन संहिता, म्हणजे आयएसएम कोड, आली आणि १ जुलै १९९८ पासून टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाली, त्यामागे या अपघाताचा मोठा वाटा आहे. कोणाचे अधिकार काय, कोणाची जबाबदारी काय आणि कोण कोणाला उत्तर देतो, हे लेखी असलेच पाहिजे असे ही संहिता सांगते. जहाजावर एवढी कागदपत्रे कशाला, असे विचारणाऱ्यांना मी याच अपघाताची आठवण करून देतो.

इंजिन विभागाबद्दल मी वरवरचे लिहिण्यापेक्षा त्या विभागातल्यांनी लिहावे.

नवी_वाट

मी लवकरच डेक कॅडेट म्हणून रुजू होणार आहे. लेख फार उपयोगी वाटला. दोन शंका आहेत. वॉचवर थर्ड ऑफिसर आहे आणि कॅप्टन ब्रिजवर आले, तर जहाज त्या क्षणी कोणाच्या हाती असते? आणि बंदरात जहाजाला वाट दाखवणारे पायलट आले की सूत्रे त्यांच्याकडे जातात, मग कॅप्टनची जबाबदारी संपते का?

दूरभिंग

पहिल्या शंकेचे उत्तर नियमात अगदी स्पष्ट आहे आणि तरीही व्यवहारात सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. कॅप्टन ब्रिजवर आले, खुर्चीत बसले, रडारकडे पाहू लागले, इतकेच काय पण दोन सूचना देऊन गेले, तरी वॉच थर्ड ऑफिसरचाच असतो. 'आता सूत्रे माझ्याकडे' असे कॅप्टन स्पष्ट शब्दांत सांगतात आणि थर्ड ऑफिसर ते समजल्याचे तितक्याच स्पष्टपणे सांगतो, तेव्हाच जबाबदारी हलते. लॉगबुकात तशी नोंदही होते. कॅप्टन आले आहेत म्हणजे आता तेच पाहतील, असे कनिष्ठ अधिकाऱ्याने मनात धरायचे आणि हा पाहतोच आहे असे कॅप्टननी धरायचे, या अवस्थेत समोरचे जहाज कोणीच पाहत नसते.

वॉच बदलतानाही हेच. पहाटे चारला वॉच घ्यायचा असेल तर चीफ ऑफिसर पावणेचारच्या सुमारास ब्रिजवर येतो. ब्रिजवर अंधार असतो. फक्त उपकरणांचे मंद केलेले पडदे दिसत असतात. उजेडातून आलेल्या डोळ्यांना बाहेरचे दिवे लगेच दिसत नाहीत, म्हणून डोळे अंधाराला पूर्ण सरावल्याशिवाय वॉच घ्यायचा नाही, असा नियमच आहे. तोवर तो कॅप्टनच्या रात्रीच्या सूचना वाचतो, त्याखाली सही करतो, जहाजाचे स्थान, दिशा, वेग, आसपासची जहाजे आणि पुढचे वळण समजून घेतो. एखादे जहाज टाळण्याची हालचाल चालू असेल तर ती पूर्ण होईपर्यंत वॉच दिला जात नाही. आणि येणारा अधिकारी आजारी किंवा अन्य कारणाने अक्षम आहे असे वाटले, तर जाणाऱ्याने वॉच देऊ नये, कॅप्टनना कळवावे, हेही लिहिलेले आहे. वरिष्ठाला नकार द्यायचा म्हणजे धाडस लागते, पण नियम कनिष्ठाच्या बाजूने उभा आहे हे ध्यानात ठेवा.

पायलटबद्दल असे. पायलट त्या पाण्याचा जाणकार असतो आणि तो आला की हुकूम बहुधा तोच देतो. पण त्याच्या असण्याने कॅप्टनची किंवा वॉचवरच्या अधिकाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. पनामा कालव्यासारखे अपवाद आहेत. तिथे जहाज चालवण्याचे नियंत्रण पायलटकडे असते. एरवी पायलटने दिलेला प्रत्येक हुकूम सुकाणूवरचा माणूस मोठ्याने परत उच्चारतो, अधिकारी सुकाणूचा काटा खरोखर त्या बाजूला गेला का ते पाहतो आणि कॅप्टन सर्वांवर लक्ष ठेवतो. पायलट चढल्याबरोबर त्याला जहाजाची लांबी, ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल आहे ते), इंजिनाचे वर्तन, काही बिघाड असल्यास तो, हे सर्व सांगायचे आणि त्याच्याकडून त्याचा बेत ऐकून घ्यायचा, ही देवाणघेवाण घाईत उरकली जाते तिथे पुढचा धोका सुरू होतो.

बॉयलर_फ्लॅट

इंजिन विभागाची बाजू मी मांडतो. चीफ इंजिनीअर हा विभागप्रमुख. इंधन किती आहे, कोणत्या प्रतीचे आहे, कोणती दुरुस्ती आता करायची आणि कोणती पुढे ढकलायची, किनाऱ्यावरच्या तांत्रिक अधिकाऱ्यांशी काय बोलायचे, हे त्याच्याकडे. पण इंजिन रूम रोजच्या रोज चालवतो तो सेकंड इंजिनीअर. सकाळच्या बैठकीत कामे वाटणारा तोच, मुख्य इंजिनाची देखभालही बहुधा त्याच्याकडेच. थर्ड इंजिनीअरकडे साधारणपणे जनरेटर आणि बॉयलर, फोर्थकडे तेल शुद्ध करणारे प्युरिफायर, कॉम्प्रेसर आणि निरनिराळे पंप. कंपनीगणिक यात फेरफार होतात. त्यांच्या हाताखाली फिटर, मोटरमन, वायपर.

पुष्कळ जहाजांवर आता रात्री इंजिन रूममध्ये कोणीही नसते. यंत्रणा आपोआप चालते आणि काही बिघडले की ड्यूटीवरच्या इंजिनीअरच्या केबिनमध्ये अलार्म वाजतो. तो ठराविक वेळात स्वीकारला गेला नाही तर तो इतर इंजिनीअरांकडे जातो. इंजिनीअर रात्री एकटा खाली उतरला की आधी ब्रिजला कळवतो आणि माणूस शाबूत असल्याची खात्री करणारा अलार्म चालू करतो. ठरल्या वेळाने तो दाबून आपण ठीक आहोत असे कळवावे लागते. ब्रिजवरही अशीच व्यवस्था आहे. वॉचवरच्या अधिकाऱ्याने तीन ते बारा मिनिटांच्या दरम्यान ठरवलेल्या अंतराने प्रतिसाद दिला नाही, तर आधी ब्रिजवर आणि मग इतर अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये अलार्म जातो.

ब्रिज आणि इंजिन रूम ही दोन वेगळी राज्ये आहेत अशी समजूत काही जहाजांवर खोल रुजलेली असते आणि मला तिचा फार राग येतो. २६ मार्च २०२४ च्या पहाटे बाल्टिमोरमधून निघालेल्या 'डाली' या कंटेनर जहाजावरची वीज पुलाच्या अलीकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. खाली माणसे वीज पूर्ववत करत होती, वर पायलट आणि कॅप्टन यांच्या हातात जहाजाचा ताबा जवळजवळ उरला नव्हता. पायलटने रेडिओवरून तातडीने इशारा दिला आणि तो पोलिसांपर्यंत पोहोचला म्हणून पुलावरची वाहतूक अडवता आली. जहाज धडकून पूल कोसळला आणि पुलावर काम करणारे सहा मजूर मात्र वाचले नाहीत. तपासात जे कारण पुढे आले ते एका सैल वायरीचे. वायरीवर लावलेल्या नावपट्टीमुळे ती टर्मिनलमध्ये पुरती बसलेली नव्हती. एक वायर नीट बसवणे आणि ती नीट बसली आहे का हे नंतर कोणीतरी पाहणे, ही कामे कोणाच्याही पदाच्या वर्णनात मोठ्या अक्षरांत लिहिलेली नसतात.

आणखी एक जबाबदारी सांगतो, जी तरुण इंजिनीअर हलक्यात घेतात. ऑइल रेकॉर्ड बुक. बिल्जचे, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचलेले, तेलकट पाणी यंत्रातून गाळून बाहेर सोडायचे तर त्यात तेलाचे प्रमाण दहा लाखांत १५ भागांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि अशा प्रत्येक कामाची नोंद ते काम करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीने होते. पान पूर्ण झाले की कॅप्टन सही करतो. खोट्या नोंदींपायी निरनिराळ्या देशांत इंजिनीअरांना तुरुंगवास झालेला आहे. वरिष्ठाने सांगितले म्हणून सही केली, हा बचाव तिथे टिकत नाही. सही तुमची असेल तर काम तुमच्या डोळ्यांदेखत झालेले असले पाहिजे.

तारजोडणी

मी ईटीओ आहे, म्हणजे इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर. आमच्या पदाला एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षण आणि पात्रतेच्या आंतरराष्ट्रीय करारात स्वतंत्र पात्रता मिळाली ती २०१० च्या मनिला सुधारणांमुळे, त्या १ जानेवारी २०१२ पासून लागू झाल्या. तरी अनेक जहाजांवर ईटीओ ठेवणे सक्तीचे नाही आणि ते काम इंजिनीअरांवर पडते. मुख्य स्विचबोर्ड, अलार्म यंत्रणा, क्रेनची विद्युत व्यवस्था, ब्रिजवरची उपकरणे, शीतकंटेनर, सगळीकडे आम्हालाच हाक येते. दोन्ही विभागांत ज्याचा वावर असतो असा कदाचित आम्हीच. मुख्य वीज गेली की इमर्जन्सी जनरेटरने ४५ सेकंदांच्या आत सुरू होऊन भार घेतला पाहिजे, असा नियम आहे. त्याची चाचणी कागदापुरती न करता खरोखर भार टाकून करावी, एवढेच माझे आग्रहाचे सांगणे आहे.

भरतीरेषा

दूरभिंग यांच्या लेखातील मुख्य मुद्द्याशी मी सहमत आहे, पण एका गोष्टीला त्यांनी बगल दिली असे मला वाटते. प्रत्येक कामाला एक धनी हवा, हे मान्य. परंतु सर्वच कामांना एकच धनी मिळाला तर काय? चीफ ऑफिसरचे नेमके तेच झाले आहे.

माल चढवण्याच्या बंदरातला त्याचा दिवस पाहा. माल ओतणारा लोडर कधी थांबतो, कधी जागा बदलतो, याचा भरवसा नाही. दर टप्प्याला ड्राफ्ट पाहायचा, बॅलास्टचा वेग मालाच्या वेगाशी जुळवायचा, सर्वेक्षकाबरोबर जहाजाच्या सहाही ठिकाणचे ड्राफ्ट वाचायचे, शेवटचे काही टन कोणत्या होल्डमध्ये, म्हणजे मालाच्या कोठारात, टाकायचे ते ठरवायचे, मध्येच तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्याला कागद दाखवायचे. माल संपला की हॅच, म्हणजे होल्डची झाकणे, बंद करून घ्यायचे, मग नाळेवर जाऊन दोर सोडवायचे, आणि जहाज बंदराबाहेर पडले की त्याच्या वॉचची वेळ झालेली असते.

३ एप्रिल २०१० रोजी 'शेन नेंग १' हे कोळसा भरलेले जहाज ऑस्ट्रेलियाच्या ग्लॅडस्टोनहून निघाले आणि ग्रेट बॅरियर रीफमधल्या डग्लस शोल या उथळ जागी खडकावर चढले. वॉचवर चीफ मेट, म्हणजे चीफ ऑफिसर, होता. आधीच्या साडेअडतीस तासांत त्याला जेमतेम अडीच तास झोप मिळाली होती, असे तपासात आढळले. वळण घ्यायची जागा निघून गेली आणि त्याच्या ते ध्यानात आले नाही. त्या क्षणी वॉच कोणाकडे आहे, या प्रश्नाचे उत्तर एकच आणि अगदी स्पष्ट होते. तरीही जहाज खडकावर गेले.

कोणत्याही चोवीस तासांत किमान १० तास आणि कोणत्याही सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती, ती दोनपेक्षा जास्त तुकड्यांत नको, त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा हवा, हे नियम सर्वांना पाठ असतात. त्यांचे तक्तेही न चुकता भरले जातात, आणि ते प्रत्यक्ष कामाशी जुळतातच असे नाही, हे जहाजावर काम केलेला प्रत्येक जण जाणतो. ज्या देशाचा ध्वज जहाजावर असतो तो देश किमान किती माणसे हवीत याचे प्रमाणपत्र देतो. हा आकडा किमान आहे, पण अनेक मालक तोच पुरेसा मानतात.

दूरभिंग

तुमचा आक्षेप योग्य आहे आणि तो लेखातच यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. मी फक्त एवढी भर घालेन की चीफ ऑफिसर थकला आहे हे पाहणे हेही कोणाचे तरी काम आहे आणि ते कॅप्टनचे आहे. बंदरातून निघाल्यावर त्याचा वॉच कॅप्टनने स्वतः घ्यावा किंवा इतर दोघांत वाटून द्यावा. तेही शक्य नसेल तर माणसांना विश्रांती मिळेपर्यंत बंदराबाहेर नांगर टाकून थांबावे. किनाऱ्यावरून फोन येतात, वेळापत्रकाची आठवण करून दिली जाते. सुरुवातीला ज्या सर्वोच्च अधिकाराचा उल्लेख केला, तो वादळापुरता नाही; त्याचा खरा कस अशा शांत हवामानातल्या नांगर टाकण्याच्या निर्णयात लागतो.

माणसे मात्र वाढली पाहिजेत, याबद्दल माझे दुमत नाही. माल हाताळणाऱ्या जहाजावर चौथा मेट असावा, असे मी अनेक वर्षे म्हणत आलो आहे.

भरतीरेषा

नांगर टाकण्याचा निर्णय घेणारे कॅप्टन मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण सुरक्षितता एका माणसाच्या कणखरपणावर सोडणे ही व्यवस्था म्हणता येणार नाही. चौथ्या मेटबद्दल आपले एकमत आहे, हे वाचून बरे वाटले.

जाड_दोरखंड

आतापर्यंत सर्व अधिकाऱ्यांनी लिहिले. मी बोसन आहे. पूर्वी आमच्या पदाला सारंग म्हणत, त्याखाली तांडेल असे आणि सुकाणू धरणारा सुकाणी. आता सगळीकडे बोसन, एबी (अनुभवी खलाशी), ओएस (साधा, नवखा खलाशी). काम पुष्कळ अंशी तेच आहे. चीफ ऑफिसर सकाळी काय करायचे ते सांगतो. ते कोणी, कोणत्या अवजाराने, कोणत्या क्रमाने करायचे आणि कोणाला त्या कामावर पाठवायचे नाही, हे बोसन ठरवतो. नवा ओएस उंचीवर घाबरतो आहे हे चीफ ऑफिसरला कळायला वेळ लागतो, मला पहिल्या दिवशी कळते.

दोन ठिकाणी आमची माणसे सर्वांत जास्त जखमी होतात किंवा जीव गमावतात, त्यांबद्दल लिहितो. पहिले मुरिंग, म्हणजे जहाज दोरांनी धक्क्याला बांधणे. जहाज धक्क्याला लागताना नाळेवर चीफ ऑफिसर, मागे सेकंड ऑफिसर आणि ब्रिजवर कॅप्टनसोबत थर्ड ऑफिसर, अशी रूढ विभागणी. दोर ओढणारे यंत्र, म्हणजे विंच, मी किंवा एखादा अनुभवी एबी चालवतो. ताणलेला दोर तुटला तर तो ज्या वेगाने मागे येतो त्यापुढे माणसाला हलायला वेळ मिळत नाही. म्हणून विंच चालवणाऱ्याने एकाच माणसाच्या हाताच्या खुणा पाहायच्या आणि खुणा करणाऱ्याने दुसरे कोणतेही काम हातात घ्यायचे नाही. अधिकारीच दोर ओढायला लागला की सर्वांना आधी वाटते की किती चांगला माणूस, पण मग पूर्ण जागेकडे पाहणारा कोणी उरत नाही. त्याने ओढू नये, पाहावे. २०२४ च्या सुरुवातीपासून मुरिंगच्या दोरांची तपासणी आणि नोंद सोलासखाली सक्तीची झाली, ती फार आधी व्हायला हवी होती.

दुसरे म्हणजे बंद जागा. साखळीचा लॉकर, बॅलास्ट टँक, कोळशाच्या होल्डला लागून असलेली शिडीची वाट. गंजणारे लोखंड हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकते. वास येत नाही, काही दिसत नाही. आधी हवा खेळवायची, मग मीटरने वरच्या, मधल्या आणि खालच्या थरात ऑक्सिजन मोजायचा, तो २१ टक्क्यांच्या आसपास असल्याशिवाय आत जाण्याच्या पर्मिटवर सही होत नाही. दारात एक माणूस उभा असतो. आतला माणूस कोसळला तर त्याने आत जायचे नाही, हे त्याचे काम आहे. ऐकायला क्रूर वाटते. तो अलार्म देतो आणि श्वसनयंत्र लावलेली तुकडी येईपर्यंत जागा सोडत नाही. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा उतरला आणि सगळेच गेले, असे अनेक जहाजांवर झाले आहे. याचा सराव दर दोन महिन्यांनी करणे २०१५ पासून बंधनकारक आहे. सराव करताना मी दारातल्या माणसालाच सर्वांत जास्त प्रश्न विचारतो.

किनारा_घर

माझे पती जहाजावर आहेत, म्हणून हा धागा आवर्जून वाचते आहे. जहाजावर डॉक्टर असतात का? नसतील तर कोणी आजारी पडल्यास जबाबदारी कोणाची? आणि स्वयंपाक करणाऱ्यांचा उल्लेख अजून कोणीच केलेला नाही.

दूरभिंग

ताई, मालवाहू जहाजावर साधारणपणे डॉक्टर नसतो. सागरी कामगार कराराप्रमाणे शंभर किंवा त्याहून जास्त माणसे घेऊन तीन दिवसांपेक्षा लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला जाणाऱ्या जहाजावरच डॉक्टर सक्तीचा आहे. इतर जहाजांवर वैद्यकीय प्रशिक्षण घेतलेला अधिकारी, बहुधा सेकंड किंवा थर्ड ऑफिसर, औषधांचा साठा सांभाळतो आणि प्राथमिक उपचार करतो. रेडिओ किंवा उपग्रहावरून किनाऱ्यावरच्या डॉक्टरांचा सल्ला कोणत्याही वेळी विनामूल्य मिळण्याची व्यवस्था आहे. आजार गंभीर असेल तर मार्ग बदलून जवळच्या बंदराकडे जायचे की हेलिकॉप्टर मागवायचे, हे कॅप्टन ठरवतात. पूर्वी या संदेशांसाठी स्वतंत्र रेडिओ ऑफिसर असे. १ फेब्रुवारी १९९९ पासून जीएमडीएसएस ही नवी संकटसंदेश यंत्रणा पूर्णपणे लागू झाली, ते पद हळूहळू गेले आणि त्याचे काम डेक अधिकाऱ्यांकडे आले.

चीफ कुकबद्दल तुम्ही विचारलेत हे फार चांगले झाले. त्याच करारानुसार जहाजाच्या कुकला प्रशिक्षण आणि पात्रता लागते. निरनिराळ्या देशांची, धर्मांची, आवडीनिवडींची माणसे महिनोन्महिने एकाच भटारखान्यातले जेवतात. खाऱ्या समुद्रात हेलकावणाऱ्या जहाजावर उकळते भांडे सांभाळत तो दिवसातून तीन वेळा जेवण तयार करतो, ताजी भाजी संपली की उरलेल्या साठ्यातून आठवडे काढतो. ज्या जहाजावर जेवण बिघडते तिथे भांडणे वाढतात, हे प्रत्येक कॅप्टनला ठाऊक असते. संकटाच्या वेळी कोणी काय करायचे याची यादी, म्हणजे मस्टर लिस्ट, तिच्यातही कुकचे आणि जेवण वाढणाऱ्या मेसमनचे नाव असते. आगीच्या वेळी कोणाकडे होज असते, कोणाकडे स्ट्रेचर.

नवी_वाट

मस्टर लिस्टबद्दल थोडे अधिक सांगाल का? कॅडेटने पहिल्या दिवशी काय पाहावे?

जाड_दोरखंड

सामान केबिनमध्ये ठेवलेत की दाराजवळचे किंवा बंकवरचे कार्ड वाचा. त्यावर तुमची जीवनौका कोणती, आगीच्या वेळी जमायचे कुठे आणि तुमचे नेमके काम काय, ते लिहिलेले असते. सात किंवा अधिक छोटे भोंगे आणि मग एक लांब भोंगा, हा सर्वसाधारण संकटाचा इशारा. मग केबिनपासून जमण्याच्या जागेपर्यंत दोन वेगळ्या वाटांनी चालून जा, त्यातली एक दिवे बंद आहेत असे समजून, भिंतीला हात लावत. बंदर सोडताना एक चतुर्थांशाहून अधिक माणसांनी त्या जहाजावर मागच्या महिन्यात सराव केलेला नसेल तर चोवीस तासांत सराव घ्यावाच लागतो, म्हणजे तुम्हाला फार वाट पाहावी लागणार नाही.

दूरभिंग

बोसन साहेबांनी सांगितले त्यात एकच जोडतो. ब्रिजवर, इंजिन रूममध्ये आणि राहण्याच्या जागेत मोठी मस्टर लिस्ट लावलेली असते, ती सवडीने पूर्ण वाचा. महत्त्वाची कामे असलेली माणसे जखमी झाली किंवा पोहोचू शकली नाहीत तर त्यांच्या जागी कोण, हेही तिच्यावर लिहिलेले असावे लागते. आपले नाव अशा एखाद्या दुसऱ्या जागी आहे का ते शोधा. असले, तर ज्याची जागा घ्यायची आहे त्या माणसाकडे जाऊन त्याचे काम प्रत्यक्ष करून पाहा. जीवनौकेचे इंजिन सुरू करायचे असेल तर ते स्वतःच्या हाताने सुरू करा, आणीबाणीचा फायर पंप असेल तर त्याच्या झडपा कोणत्या क्रमाने उघडायच्या ते त्याच्या देखरेखीखाली उघडून बघा. कोणताही चीफ ऑफिसर किंवा सेकंड इंजिनीअर यासाठी तुम्हाला वेळ नाकारणार नाही.